ज्याच्यामुळे शालू गेली

२ जानेवारी १९७४, बुधवार

आज मला नोकरी लागली. ज्याच्यामुळे शालू गेली, त्याच्याच दारात.

कराडात डॉ. रेठरेकरच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला माणूस हवा होता. दारावर तशी पाटी लागली होती. मी गेलो आणि सांगितलं, हवालदार क्लार्क नाथाजी शेवाळे, मलकापूर, वीस वर्षं पलटणीत लिखापढी केली, गेल्या मे महिन्यात पेन्शनीवर आलो. त्याने माझं अक्षर पाहिलं, म्हणाला, "वा, मोत्यासारखं आहे. उद्यापासून या, हवालदार." माझ्या तोंडाकडे त्याने नीट पाहिलंसुद्धा नाही. तेवीस दिवसांपूर्वी ह्याच माणसासमोर मी बायकोला घेऊन उभा होतो. विसरला. आपण एखादी मुंगी पायाखाली आली तर लक्षात ठेवतो का, तसं.

सोमवारी, दहा डिसेंबरला, शालूच्या पोटात दुखायला लागलं म्हणून तिला इथे आणली. बरोबर बनू होती, आमची मुलगी. मी स्वतः रिपोर्ट दिला. पलटणीत आजारी जवान डॉक्टरसमोर सावधानमध्ये उभा राहतो आणि हवालदार त्याच्या वतीने सांगतो. नाव, वय, तक्रार, किती दिवस. मी हजार वेळा दिलाय, तसाच दिला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ह्याने इंजेक्शन टोचलं, बाटलीत पांढरं औषध दिलं आणि म्हणाला, पित्त आहे, तिखट बंद करा. बुधवारी सकाळी ती न्हाणीत कोसळली. कारखान्याची जीप मागून सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेली. दुपारी दोनला सगळं संपलं. तेहतीस वर्षांची होती.

मी हात उचलणार नाही. ते मूर्खाचं काम. मी क्लार्क आहे, मी लिहून मारणार. ह्याच्या दारात बसून हा रोज कुणाचं काय ऐकत नाही ते टिपायचं, आणि पुरेसं जमलं की चार लोकांत वाचून दाखवायचं. ही वही त्यासाठीच. दवाखाना एक ते चार बंद असतो, तेव्हा लिहीत जाईन.

५ जानेवारी, शनिवार

माझं टेबल ह्याच्या खोलीच्या अर्ध्या दाराला लागून आहे. दाराच्या वर पडदा, तो वाऱ्याने हलतो. आतलं सगळं ऐकू येतं. घड्याळ टेबलावर काढून ठेवतो. पेशंट बोलायला लागला की काटा बघायचा, ह्याने तोडलं की पुन्हा बघायचा.

तीन दिवसांत एकशे बारा पेशंट. सरासरी सोळा सेकंद. सोळा! एवढ्यात माणूस नीट खाकरतसुद्धा नाही. पेशंटने "त्याचं काय झालं डाक्टर" म्हणायचा अवकाश, आतून आलंच, "कळलं कळलं, जीभ दाखवा." काय कळलं, कपाळ? आज एका म्हातारीला चार सेकंदात गप्प केलं. आतापर्यंतचा हा विक्रम.

लोक तरी कसे. बाहेर येतात आणि म्हणतात, डाक्टरच्या हाताला गुण हाय. सगळा आनंद आहे.

काल रात्री जेवताना बनू काहीतरी सांगायला लागली. मी सेकंदांची बेरीज करत होतो. म्हटलं, उद्या.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

राहीवहिनी, माझी थोरली भावजय, तिळगूळ घेऊन आली. हातावर ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. "भावजी, ग्वाड बोला," म्हणाली.

मी म्हटलं, "वैनी, यंदा मी ग्वाड बोलनार न्हाई. ज्याच्यामुळं शालू गेली त्याला मी सोडनार न्हाई. आज सणाच्या दिशी सांगून ठिवतो."

वहिनी म्हणाली, "आवं, पोरीम्होरं कशाला आसलं बोलताय." बनू चुलीपाशी होती. मी म्हटलं, "ऐकू द्या. तिची आय गेलीय, तिलाबी कळू द्या." बनू उठून मागच्या दाराने बाहेर गेली. पोरगी आईवर गेलीय, चार माणसांत रडणार नाही.

ही शपथ शालू गेल्यापासून मी रोज सकाळी शालूच्या फोटोला हार घालताना मोठ्याने म्हणतो. त्याने बळ येतं.

२३ जानेवारी, बुधवार

आज वहीला चांगली नोंद मिळाली. आणि लिहायचंच तर सगळं लिहायचं.

पाटणकडचा जोतीराम नावाचा म्हातारा आला होता, खोकल्यासाठी. नंबर यायला दीड तास होता. माझ्या टेबलापाशी उकिडवा बसून त्याने मला सगळी हकीकत सांगितली. म्हैस कशी उधळली, दावं कसं ह्याच्या हाताला गुंडाळलेलं होतं, म्हशीने ह्याला कसं फरपटत नेलं आणि गव्हाणीच्या दगडावर कसा छातीवर आपटला. "तवापास्नं ह्यो खोकला लागलाय बगा. खोकलं की हितं सुरी मारल्यागत हुतंय." बरगडीवर हात ठेवून दाखवलं.

आत गेला. "डाक्टरसायेब, त्याचं आसं झालं, आमची एक म्हैस हाय..."

"म्हशीचं राहू द्या. खोकला किती दिवस?"

सहा सेकंद. खोकल्याचं औषध घेऊन म्हातारा बाहेर आला.

मला ठाऊक होतं. पलटणीत छाती आपटलेले जवान मी पाहिलेत. मी उठून पडदा बाजूला केला असता आणि "साहेब, तो छातीवर पडलाय" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. मी नाही म्हटलं. मी लिहून घेतलं, सहा सेकंद. म्हाताऱ्याने जाताना मला रामराम केला, म्हणाला, "तुमी तरी ऐकून घ्येतलंसा, बरं वाटलं."

वाईट वाटलं. पण युद्धात एक-दोन आपल्या बाजूचेही जातात.

४ फेब्रुवारी, सोमवार

जोतीरामला त्याच्या मुलाने बैलगाडीत आणि मग एसटीत घालून आणला. ताप, दम. ह्या वेळी डॉक्टरने शर्ट काढायला लावला आणि त्याचं तोंड उतरलं. दोन बरगड्या मोडलेल्या, आत पाणी झालेलं. लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवला. जगेल म्हणतात.

त्याला पाठवून डॉक्टर बाहेर माझ्या टेबलाशी आला. मला म्हणाला, "हवालदार, हा पडल्याचं मला बोलला कसा नाही?"

मी म्हटलं, "बोलत होता साहेब. म्हशीपासून सुरुवात केली होती."

बाण बरोबर बसला. त्याने चष्मा पुसला आणि पुढचा नंबर बोलवायला सांगितला. हे पाप संपूर्ण त्याच्या नावावर. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सगळ्यांना दिसतं, ह्या गृहस्थाला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ कधी दिसणार?

तरी दुपारी डबा खाल्ला नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सुट्टीवर आलेला एक जवान बायकोला घेऊन आला. म्हसवडकडचा, वाटेत सासुरवाडीला उतरलेला. मराठा रेजिमेंट. बघून बरं वाटलं. केस बारीक, पायात चकाकते बूट. बायको पोरसवदा, डोक्यावरून पदर ओढून भिंतीला टेकून उभी. जवानाने आत जाऊन स्वच्छ रिपोर्ट दिला, "बायको, उमर उन्नीस, चक्कर, आठ रोज." शाब्बास म्हणालो मनात.

डॉक्टर म्हणाला, "बाई, तुम्ही सांगा काय होतंय."

जवान म्हणाला, "तिला काय सांगता येतंय साहेब, मी सांगतो की."

डॉक्टरने "बरं" म्हटलं आणि लिहून मोकळा. रक्त वाढायच्या गोळ्या.

नोंद: पेशंटचं बोलणं ऐकलं, शून्य सेकंद. चार सेकंदांचा विक्रम मोडला. बाई आत गेली तशी बाहेर आली, एक शब्द न बोलता, आणि ह्याला त्याचं काही नाही. डॉक्टर म्हणवतो.

बनूने विचारलं, "आबा, मला म्हसवडला मामाकडं धाडता का? ऱ्हाते तितं थोडं दिस." मी म्हटलं, शाळा कोण करणार, तुझा मामा? सातवी झाल्यावर घरी बसायला लागलेल्या मुली मी पाहिल्यात. ही नववीत आहे, हिला मी मॅट्रिक करणार. शालूची तीच इच्छा असणार.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

देव आहे म्हणायचा.

डॉक्टरच्या दवाखान्याला एप्रिलात पंचवीस वर्षं होतात. गावातल्या मंडळींनी कमिटी केलीय, भाऊसो म्हणून पेठेतले एक व्यापारी त्याचे पुढारी. सात एप्रिलला, रविवारी, हॉलमध्ये सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. पाचशे माणूस येणार. मानपत्राचा मजकूर मला सुवाच्य अक्षरात लिहायला दिलाय, "रुग्णांची आस्थेने विचारपूस करणारे." लिहिताना मला हसू आवरेना. शेजारची नर्स म्हणाली, काय झालं हो? म्हटलं, काही नाही, शाई सांडली.

मी भाऊसोला म्हटलं, दवाखान्याच्या वतीने आभार मी मानतो. तो खूश. म्हणाला, "व्हय व्हय, हवालदार मानूस, आवाजबी दणकट."

पाचशे माणसांसमोर, माईकवर, नाव-गाव-सेकंद.

६ मार्च, बुधवार

रजा टाकून सांगलीला गेलो. शालूचा कागद हवा होता, पुराव्याला.

खिडकीवरच्या क्लार्कने आधी नियम सांगितले, मग मी कोणत्या युनिटात होतो ते ऐकून कागद शोधून दिला. इंग्रजी वैद्यकी मला कळेना. त्या दिवशी वॉर्डात होत्या त्या डॉक्टरीणबाई भेटल्या. वयाने लहान, पण बसा म्हणाल्या, पाणी मागवलं आणि मग सांगितलं.

शालूला दिवस गेले होते. गर्भ पिशवीत न राहता बाजूच्या नळीत राहिला. नळी फुटली, पोटात रक्त साचलं. आणली तेव्हा उशीर झाला होता.

मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. मला माहीतच नव्हतं. पेन्शनीवर येऊन मला सात महिने झाले होते, आणि मला माहीत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "त्या शुद्धीवर होत्या तेवढ्यात मी विचारलं, त्यांनी सगळं नीट सांगितलं. दोन महिने पाळी चुकलेली, चार-पाच दिवस थोडं थोडं अंगावरून जात होतं, खांदा दुखत होता. पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो. तुमच्या डॉक्टरांना हे कळलं असतं तर त्यांनी सोमवारीच पाठवलं असतं. त्यांना बोलल्या नाहीत का?"

मी म्हटलं, "तो कुणाला बोलू देत नाही."

"तुम्ही तेव्हा तिथे होतात?"

"होतो की. आणि इथे मी नव्हतो. इथे बायकांच्या वॉर्डात मला आत येऊ दिलं नाही, मी व्हरांड्यात उभा होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलणार होत्या, पण मला एसटी गाठायची होती.

येताना गाडीत मी रडलो. शेजारचा म्हातारा म्हणाला, कोण गेलं? सांगितलं, बायको आणि बाळ. मग मात्र डोळे पुसले. आता पक्कं झालं. परक्या डॉक्टरीणबाईला तिने पाच मिनिटांत सगळं सांगितलं, म्हणजे तिला सांगता येत होतं. ह्या रेठरेकरला ते काढून घेता आलं नाही. त्याने एक नाही, दोन जीव घेतले.

७ मार्च, गुरुवार

सकाळी राहीवहिनीला बोलावलं. विचारलं, शालूला दिवस गेलेत हे तुमाला ठावं हुतं? बायका बायकांना सांगतात.

वहिनीने गळ्याची आण घेतली. "न्हाई वो भावजी. मला आसतं ठावं तर मी गप बसले आसते व्हय? लाजली आसंल. एवडी घोड्यागत लेक दारात, आन् आता पुन्हा... लोक काय म्हंत्याल म्हणून बोलली नसंल."

मी म्हटलं, "कुनाला तरी ठावं आसनारच. ज्याला ठावं हुतं आन् ज्यानं तोंड उघाडलं न्हाई, त्यो बी त्या डाक्टरएवडाच गुन्हेगार. त्यालाबी मी सोडनार न्हाई, मंग त्यो कुनीबी आसू दे."

बनूच्या हातातून पाण्याची कळशी पडली. अंगणभर पाणी. हल्ली पोरीचं कशात लक्ष नाही. ओरडलो.

२० मार्च, बुधवार

डॉक्टरने आज चहा पिताना मला विचारलं, "हवालदार, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

म्हटलं, "एक मुलगी आहे साहेब. बायको डिसेंबरात..." तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवून तो उठला आणि हात धुवायला गेला.

आठ सेकंद. मीही वहीत आलो.

२९ मार्च, शुक्रवार

शालूचा भाऊ सयाजी म्हसवडहून आला. बनूने त्याला पत्र टाकलं होतं म्हणे, मला घेऊन जा म्हणून. बापाला न विचारता. मी दोघांनाही फैलावर घेतलं. सयाजी शांत माणूस, ओसरीवर तंबाखू मळत म्हणाला, "दाजी, पोरगी वाळून काटकी झालीया. तिला काय खुपतंय त्ये बघा की जरा."

"आई गेलीय, दुसरं काय खुपणार? एवढं सात तारखेचं होऊ दे, मग सगळं ठीक होईल."

तो एकटाच परत गेला. बनू त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ आली नाही. बघायला गेलो तर विहिरीच्या कठड्यावर बसली होती. म्हटलं, तिथे बसू नको, पाय घसरेल. मुकाट उठली.

नोंदी अडीच हजारांवर गेल्या. त्यातून तीस निवडल्या. जोतीराम पहिला. शालू शेवटी.

कधीकधी वाटतं, जोतीरामचं सांगावं का? तो छातीवर पडलाय हे मला आधी कळलं होतं, हे? मग वाटतं, कशाला. कोर्टात वकील आपल्याच विरुद्ध बोलतो का?

७ एप्रिल, रविवार

सत्कार पाचला आहे. आता अडीच वाजलेत. मी जाणार नाही.

सकाळी म्हटलं एकदा भाषण म्हणून बघू. बनूला समोर बसवली, घड्याळ तिच्या हातात दिलं, म्हटलं, किती मिनिटं लागतात बघ. उभा राहिलो आणि सुरुवात केली. जोतीरामचं वाचलं, चार सेकंदांच्या म्हातारीचं वाचलं, जवानाच्या बायकोचं वाचलं. आवाज चांगला लागला होता. शेवटी आलो, "आणि सभ्य स्त्री-पुरुषहो, दहा डिसेंबरला माझी बायको शालू ह्यांच्या दवाखान्यात गेली होती. ह्या डॉक्टरांनी तिला एक शब्द विचारला नाही."

बनू म्हणाली, "इचारलं हुतं."

मी थांबलो. "काय?"

"डाक्टरनी इचारलं हुतं, आबा. मी हुते की तितं. बाई, आनकी काय हुतंय का, म्हनलं. आयनं माजा हात धरला हुता, तिनं त्वांड उघाडलं, खांदा म्हनली. आन् तुमी म्हनला, त्ये काय न्हाई साहेब, गवताचा भारा उचललाय त्याचं आसंल. मंग डाक्टरनी इचारलं, पाळी वगैरे ठीक हाय का. तुमी म्हनला, सब ठीक है साहेब."

मी म्हणणार होतो, खोटं. तोंडाशी आलं होतं. पण मला माझाच आवाज ऐकू आला, सब ठीक है साहेब. मी म्हटलं होतं ते. मला कशाची माहिती होती म्हणून मी ते म्हटलं? पाळी हा शब्द परक्या माणसाने माझ्या बायकोसमोर काढला, तो मला लवकर संपवायचा होता, म्हणून म्हटलं.

बनू बोलतच होती. घड्याळ मुठीत घट्ट धरून, माझ्याकडे न बघता.

"आयनं मला वाटंत सांगितलं हुतं. म्हनली, दोन म्हैनं कावळा शिवला न्हाई, आन् आता जरा जरा जातंय. म्हनली, आबाम्होरं मला बोलता येनार न्हाई, तूच डाक्टरच्या कानात सांग. मला लाज वाटली. तुमी बोलत हुता तवा मी मधी कशी बोलू? म्हनलं, मागनं सांगू. मागनं तुमी बाहीर चला म्हनला. घरी आल्यावर आय म्हनली, जाऊ दे, आता आबाला सांगू नगंस, रागवत्याल, औषदानं बरं वाटंल."

मग तिने मान वर केली.

"तुमी रोज म्हंता, ज्याच्यामुळं शालू गेली त्याला सोडनार न्हाई. ज्याला ठावं हुतं आन् ज्यानं तोंड उघाडलं न्हाई, त्याला सोडनार न्हाई. त्ये मी हाय, आबा. मी लय येळा सांगाय आले. आता काय करायचं त्ये करा."

चार महिने. चार महिने मी रोज सकाळी शालूच्या फोटोसमोर उभा राहून, चौदा वर्षांच्या माझ्या मुलीला धमकी देत होतो. ती सडा घालताना, चहा ठेवताना ऐकत होती. म्हणून म्हसवड. म्हणून ती विहिरीचा कठडा. तो मला आठवला. मी खाली बसलो.

आमच्यात बाप तरण्या मुलीला जवळ घेत नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "बाळ, तू न्हाई." ती म्हणाली, "मंग कोन?"

मला उत्तर ठाऊक आहे, पण तिच्यासमोर ते शब्द तोंडातून निघेनात. इथे लिहितो. तिला बोलायचं होतं. त्याने विचारलं होतं. मध्ये मी होतो.

भाऊसोचा माणूस बोलवायला येऊन गेला. सांगितलं, बरं नाही.

८ एप्रिल, सोमवार

दवाखाना उघडायच्या आधी गेलो, बनूला घेऊन. टेबलावर कालचे हार तसेच होते. तिला बाकावर बसवलं आणि मी एकटा आत गेलो.

म्हटलं, "साहेब, शालूबाई शेवाळे. दहा डिसेंबर."

"कोण?"

"माझी बायको. तुमच्याकडून गेली आणि दोन दिवसांत वारली. नळीत गर्भ होता."

त्याला आठवेना. आठवत नाही हे त्याने कबूल केलं, आणि त्या क्षणी मला पुन्हा वाटलं की ह्याची मान धरावी. जुने केसपेपर मीच लावून ठेवलेत, मीच तिचा काढून दिला. आजवर मी तो उघडून बघितला नव्हता, भीती वाटायची की तिचं नाव बघून रडू येईल. त्याच्या हातचं तीन ओळींचं लिखाण. पोटदुखी, दोन दिवस. खांदा, ओझ्याने. पाळी ठीक.

"म्हणजे मी विचारलं होतं," तो चटकन म्हणाला. सुटल्यासारखा.

"विचारलं होतंत. उत्तर मी दिलं."

त्याने कागद पुन्हा वाचला. बाहेर लोक जमायला लागले होते. कागद खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही दिलंत. माझं काम लवकर झालं. बाईंच्या तोंडाकडे मी पाहिलं की नाही, ते काही मला आठवत नाही." चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "किती बायका असतील अशा, हवालदार?"

"मी मोजलंय. वही घरी आहे. आणून देतो. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, तो जाणार पण नाही. जोतीराम छातीवर पडलाय हे मला तेव्हा ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, तेही त्या वहीत आहे. त्याचं मला काय सुनवायचं ते नंतर सुनवा. आत्ता माझी मुलगी बाहेर बसलीय. तिला वाटतं, आई तिच्यामुळे गेली. मी नाही म्हटलं तर ती विश्वास ठेवत नाही. तिचं ऐकून घ्या आणि मग तिला खरं काय ते सांगा."

"बोलवा तिला. तुम्ही पण बसा."

"नको. मी आत असलो की मी बोलतो."

बनूला आत पाठवलं, पडदा ओढून घेतला, आणि टेबल सोडून पार रस्त्याच्या बाजूला, जिथून काही ऐकू येत नाही तिथे जाऊन उभा राहिलो. नंबर लावून बसलेली माणसं कुरकुरायला लागली. एक म्हणाला, "कोन मोटा मानूस हाय रं आत, एवडा येळ?" मी म्हटलं, "माझी लेक हाय. दम धर."

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. डॉक्टर तिच्या मागोमाग दारापर्यंत आला आणि पुढचा नंबर त्याने स्वतःच बोलावला.

आज मी काम केलं नाही. दोघं चालत मलकापूरला निघालो. वाटेत विचारलं, काय म्हणाले?

"सांगते," बनू म्हणाली. "पन तुमी मधी बोलायचं न्हाई."

मी बरं म्हटलं. आणि दोनदा मध्ये बोललो. एकदा "म्हणजे काय" म्हणून, आणि एकदा डॉक्टरला शिवी देण्यासाठी. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा ती रस्त्यातच थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तोंड मिटलं. मग ती बोलली. डॉक्टरचं थोडं आणि आईचं पुष्कळ, आईला बाळ हवं होतं का नको होतं, नाव काय ठेवायचं ठरवलं होतं, मी पलटणीत असताना ती कशाला भीत होती आणि मी घरी आल्यावर कशाला. घर येईपर्यंत बोलत होती. सोळा वर्षं संसार केला मी शालूशी, आणि त्यातलं निम्मं मी आज पहिल्यांदा ऐकलं.